खोकताना, ओझं उचलताना लघवी गळते? व्यायामाने थांबते का, आणि ‘लाइट थेरपी’चं काय?

जोरात खोकला आला, शिंक आली, खळखळून हसू आलं किंवा पाण्याचा भरलेला गुंड उचलला, की लघवीचे थेंब गळतात. बाळंतपणानंतर अनेक बायकांना हा अनुभव येतो. कुणी कापड लावून दिवस काढते, कुणी गडद रंगाचीच साडी नेसते, कुणी लग्नकार्याला जाणं, एसटीने लांबचा प्रवास करणं टाळते. नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही आणि डॉक्टरला तर नाहीच. ‘लेकरं झाली, वय झालं, आता असंच चालायचं’ असं म्हणून विषय तिथेच मिटवला जातो.

खरं तर हा त्रास मुकाट्याने सोसण्यासारखा नाही. त्याला नाव आहे, कारण आहे आणि अनेकींचा त्रास गोळी किंवा ऑपरेशनशिवाय कमी होतो. त्यासाठीचा पहिला उपचार म्हणजे एक व्यायाम. तो घरी बसून करता येतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. दुसरीकडे लेझर आणि लाल प्रकाशाच्या उपचारांच्या जाहिराती आता मोबाईलवर दिसू लागल्या आहेत. त्यात कितपत तथ्य आहे? आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यातल्या बाईने नेमकं काय करावं? समजून घेऊ.

हा त्रास नेमका काय आहे?

डॉक्टर याला ‘स्ट्रेस युरिनरी इन्कॉन्टिनन्स’ म्हणतात. इथे ‘स्ट्रेस’चा अर्थ मनाचा ताण नाही. पोटावर अचानक पडणारा दाब, असा त्याचा अर्थ आहे. त्यामुळे ‘टेन्शन घेऊ नकोस, बरं होईल’ हा सल्ला इथे कामाचा नाही.

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. तिला ‘पेल्व्हिक फ्लोअर’ म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात. आपण खोकलो की पोटातला दाब वाढतो आणि मूत्राशय दाबलं जातं. त्याच क्षणी ही झोळी घट्ट होऊन मूत्रमार्गाला खालून आधार देते, म्हणून लघवी बाहेर येत नाही.

बाळंतपणात, विशेषतः कळा लांबल्या, बाळ मोठं असलं किंवा चिमटा लावावा लागला, तर ही झोळी ताणली जाते, कधी फाटते. पाळी गेल्यानंतर तिथल्या ऊती पातळ होतात. जुना खोकला, बद्धकोष्ठता आणि जास्त वजन यांनी तिच्यावरचा भार वाढतो. आधार ढिला झाला की दाब येताच लघवी निसटते.

याच्याशी मिळताजुळता दुसरा एक त्रास आहे. लघवीची भावना इतकी अचानक आणि जोरात होते की संडासापर्यंत पोहोचायच्या आतच कपडे ओले होतात. त्याला ‘अर्ज इन्कॉन्टिनन्स’ म्हणतात. त्याचं कारण वेगळं आणि उपचारही काहीसे वेगळे. काही बायकांना दोन्ही त्रास एकत्र असतात. म्हणून डॉक्टरला सांगताना ‘लघवी गळते’ एवढंच न सांगता ‘कधी गळते’ हेही सांगायला हवं.

जंगलपट्ट्यात हा प्रश्न वेगळा का?

चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, पण दोन्हीकडच्या गावांत बाईच्या वर्षाचं गणित आजही सारखंच आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यात चिखलात वाकून धानाची रोवणी करायची. मधल्या काळात सरपणाची मोळी आणि पाण्याचे गुंड आहेतच. यातलं जवळपास प्रत्येक काम वाकण्याचं, उचलण्याचं किंवा डोक्यावर वाहण्याचं आहे. म्हणजे पोटावर दाब आणणारं. शहरात खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बाईला ही गळती दिवसात एखाद्या शिंकेपुरती जाणवेल. रोवणीला गेलेल्या बाईला ती दिवसभर जाणवते.

यातून एक धोकादायक सवय लागते. कपडे ओले होऊ नयेत म्हणून बाई पाणी पिणंच कमी करते. चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं इथे नवं नाही. तेंदूपत्त्याचा हंगामही याच दिवसांत येतो. अशा उन्हात पाणी कमी प्यायलं तर उष्माघाताचा धोका वाढतो. लघवी घट्ट होते, जळजळ होते, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि चिडलेलं मूत्राशय आणखीच त्रास देतं. गळती थांबवण्यासाठी तहान मारणं हा उपाय नाही, तो दुसरा आजार आहे.

गडचिरोलीने जगाला काय दाखवलं?

बायकांचे असे आजार किती असतात आणि किती लपून राहतात, याचा जगभर गाजलेला पुरावा गडचिरोलीतूनच आला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचं तपासणीत आढळलं. सरासरी काढली तर प्रत्येकीला ३.६ आजार. आणि याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

यातला आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. ५५ टक्के स्त्रियांनी काही ना काही तक्रार सांगितली. उरलेल्या ४५ टक्के म्हणाल्या की त्यांना काही त्रास नाही. तरीही आजार निघाले ९२ टक्क्यांकडे. बाईने तक्रार केली नाही म्हणजे तिला आजार नाही, असं धरून चालता येत नाही, हे या अभ्यासाने दाखवून दिलं. त्या काळात ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच समजलं जाई. बाळंतपण नसतानाही बाईला शरीर असतं, हे या अभ्यासामुळे चर्चेत आलं.

लघवीच्या गळतीलाही हाच धडा लागू पडतो. विचारल्याशिवाय बाई सांगत नाही आणि सांगितल्याशिवाय उपचार सुरू होत नाही.

व्यायामाने खरंच फरक पडतो का?

पडतो. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामावर शोधनिबंध लिहिला. तेव्हापासून हा व्यायाम ‘केगेल’ नावाने ओळखला जातो. आपल्याकडच्या योगातला मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा ज्यांनी केली आहे, त्यांना यातलं आकुंचन ओळखीचं वाटेल.

२०१८ मध्ये ‘कॉक्रेन’ या संस्थेने १४ देशांतल्या ३१ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात १,८१७ स्त्रिया होत्या. ज्यांना ताणामुळे होणारी गळती होती, त्यांच्यापैकी व्यायाम करणाऱ्या गटातल्या ५६ टक्के स्त्रियांनी गळती पूर्ण थांबल्याचं सांगितलं. व्यायाम न करणाऱ्या गटात हे प्रमाण फक्त ६ टक्के होतं. बऱ्या झालेल्या आणि सुधारणा झालेल्या अशा दोन्ही धरल्या, तर व्यायामाच्या गटात ७४ टक्के आणि दुसऱ्या गटात ११ टक्के. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक सूचना सांगते की ऑपरेशनचा विचार करण्याआधी प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली किमान ३ महिने हा व्यायाम करून पाहावा.

व्यायाम कसा करायचा?

आधी लघवी करून या. चटईवर पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर टेकवा. आता कल्पना करा की चारचौघांत गॅस सुटतोय आणि तो रोखायचा आहे. त्याच वेळी लघवीची धारही रोखायची आहे. गुदद्वारापासून सुरुवात करून पुढे लघवीच्या जागेपर्यंत सगळं आत आणि वर ओढलं जातंय, असं जाणवलं पाहिजे. हेच ते स्नायू.

१. हळू आकुंचन: स्नायू आत-वर ओढा, ३ ते ५ सेकंद धरा, मग पूर्ण सैल सोडा. जितका वेळ धरलं तितकाच वेळ विश्रांती घ्या. असं ८ ते १० वेळा. काही आठवड्यांत धरण्याचा वेळ १० सेकंदांपर्यंत वाढवा.

२. झटपट आकुंचन: पटकन ओढा, पटकन सोडा. असं ८ ते १० वेळा. खोकला-शिंक सांगून येत नाही, त्यासाठी स्नायूंना ही चपळाई लागते.

३. दिवसातून ३ वेळा: सकाळी उठल्यावर, दुपारी आणि रात्री झोपताना. जमायला लागलं की बसून, मग उभं राहून करा. भाजी निवडताना, बसची वाट बघतानाही करता येतो. कुणाला कळतही नाही.

४. खोकण्याआधीची युक्ती: खोकला, शिंक येतेय असं वाटलं किंवा मोळी, गुंड उचलायचा असेल, तर आधी हे स्नायू आवळा आणि मग खोका किंवा उचला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २७ वयस्क स्त्रियांना ही युक्ती शिकवली. एका आठवड्यानंतर मध्यम खोकल्यात होणारी गळती सरासरी ९८ टक्क्यांनी आणि जोराच्या खोकल्यातली ७३ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. एका आठवड्यात स्नायू बळकट होत नाहीत. योग्य क्षणी आवळण्याचा हा फायदा आहे. ओझं वाहणाऱ्या बाईसाठी ही युक्ती सगळ्यात कामाची.

स्नायूंची ताकद वाढायला मात्र वेळ लागतो. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. ३ महिने नेमाने करा.

चूक कुठे होते?

व्यायाम सोपा आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे चुकतोय हे कळत नाही. १९९१ च्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावला आणि मग त्या तो कसा करतात हे यंत्राने मोजलं. निम्म्याच स्त्रियांना तो नीट जमला. सुमारे पाव स्त्रिया तर उलटं करत होत्या. आत ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या. त्याने गळती वाढू शकते. व्हिडिओ बघून केला आणि फरक पडला नाही, असं म्हणणाऱ्या अनेकींचं गणित इथेच चुकलेलं असू शकतं.

या गोष्टी तपासा:
– श्वास रोखू नका. व्यायाम करताना मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.
– पोट, मांड्या आणि कुल्ले आवळू नका.
– शौचाला बसल्यासारखा खाली जोर देऊ नका.
– लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज व्यायाम करू नका. स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळी ठीक आहे. सवय लावली तर मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची भीती असते.

खात्री नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट किंवा प्रशिक्षित नर्सकडून एकदा तपासून घ्या. योग्य स्नायू आवळले जातात की नाही, हे त्यांना तपासणीत कळतं.

मग ही ‘लाइट थेरपी’ काय आहे?

प्रकाशाने उपचार ही थाप नाही. नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, हे अनेकांनी पाहिलं असेल. तो प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो आणि ते शरीराबाहेर टाकणं सोपं होतं. कॅन्सरच्या उपचारात तोंडात होणारे फोड टाळण्यासाठीही कमी शक्तीचा लाल प्रकाश वापरला जातो. प्रश्न एवढाच असतो की कोणता प्रकाश, कोणत्या आजारासाठी आणि पुरावा किती.

लघवीच्या गळतीच्या बाबतीत ‘लाइट’ या एकाच शब्दाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, कमी शक्तीचा लेझर किंवा एलईडीचा लाल प्रकाश. याला ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ म्हणतात. १९६० च्या दशकात हंगेरीतले डॉक्टर एंद्रे मेस्टर यांना उंदरांवर प्रयोग करताना कमी शक्तीच्या लेझरने केस लवकर उगवताना दिसले. या उपचारशाखेची सुरुवात तिथून झाली. हा प्रकाश भाजत नाही. पेशींमधलं ऊर्जा तयार करणारं मायटोकॉन्ड्रिया तो शोषून घेतं आणि त्यामुळे स्नायूंचा थकवा कमी होतो, दुरुस्ती लवकर होते, अशी त्यामागची कल्पना आहे. व्यायामाला जोड म्हणून त्याची चाचणी घेण्यामागचा तर्क हाच. पण गळतीवरचा उपचार म्हणून तो अजून अभ्यासाच्या पायरीवर आहे. आणि दिवा स्नायूला मदत करू शकला तरी स्नायूचा व्यायाम करून देऊ शकत नाही. शेताला पाणी दिलं म्हणून नांगरणी होत नाही, तसंच हे.

दुसरी, योनीमार्गातला लेझर. यात कार्बन डायऑक्साइड किंवा अर्बियम लेझर वापरतात. हा मुद्दाम उष्णता देतो, जेणेकरून तिथल्या ऊती आक्रसाव्यात आणि नवं कोलॅजन तयार व्हावं. जाहिराती बहुधा याच्याच असतात. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जुलै २०१८ मध्ये अशा यंत्रांच्या जाहिरातींबद्दल जाहीर इशारा दिला. लघवीची गळती किंवा पाळी जाण्याशी संबंधित तक्रारींसाठी ही यंत्रं सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं त्यात म्हटलं होतं. भाजणं, व्रण पडणं, संबंधाच्या वेळी दुखणं आणि कायमच्या वेदना राहणं, असे धोकेही त्यात सांगितले होते. २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’नेही हा उपचार फक्त संशोधनाचा भाग म्हणूनच वापरावा, असं सांगितलं.

पैसे देण्याआधी हे प्रश्न विचारा

कुणी ‘लाइट’ किंवा ‘लेझर’ सुचवला तर विचारा: हा भाजणारा लेझर आहे की न भाजणारा? माझ्या गळतीचा प्रकार तपासला का? मी ३ महिने व्यायाम नीट केला का, हे कुणी पाहिलं का? किती बैठका, एकूण खर्च किती आणि त्रास झाला तर जबाबदार कोण? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर घाई करू नका. ऑनलाइन मिळणारे लाल दिवे मागवून नाजूक जागी स्वतः वापरू नका. तेंदूपत्त्याच्या हंगामाची कमाई अशा उपचारावर घालवण्याआधी फुकटचा व्यायाम करून झालेला असला पाहिजे.

डॉक्टरकडे कधी जायलाच हवं?

– लघवी दिवसरात्र, कुठलाही दाब नसताना सतत गळत असेल. अडलेल्या बाळंतपणात वेळेवर मदत मिळाली नाही, तर मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यात भोक पडू शकतं. याला ‘फिस्टुला’ म्हणतात. तो व्यायामाने बरा होत नाही. त्यावर ऑपरेशन हाच मुख्य उपाय आहे.
– अंग बाहेर येत असेल, खाली काहीतरी ओघळल्यासारखं वाटत असेल. यात व्यायामासोबत आधाराची रिंग बसवता येते.
– लघवीत रक्त, जळजळ, ताप असेल.
– लघवी अडत असेल किंवा पूर्ण होत नसेल.
– ३ महिने नीट व्यायाम करूनही फरक नसेल. त्यानंतर ऑपरेशनसह इतर पर्याय आहेत आणि त्यांचे फायदे-तोटे डॉक्टर समजावतील.

एक गोष्ट लक्षात ठेवा. फक्त गळतीसाठी ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला कुणी दिला, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या. गर्भाशय काढणं हा या गळतीचा उपचार नाही.

शिकवणार कोण?

‘फिजिओथेरपिस्टकडे जा’ म्हणणं सोपं आहे. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात एक अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो.

पण घरापर्यंत येणारी एक व्यक्ती गावात आहे. ती म्हणजे आशाताई. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत ती ६ ते ७ वेळा घरी येऊन बाळ आणि आई दोघांना पाहते. या घरभेटींची मूळ कल्पनाही गडचिरोलीतच तपासली गेली. ‘सर्च’ने १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, बालमृत्यू घटवून दाखवले आणि नंतर ही पद्धत देशभर आशांपर्यंत पोहोचली. गावातल्या बाईला नीट शिकवलं तर ती मोठं काम करू शकते, हे या जिल्ह्याने आधीच सिद्ध केलं आहे.

त्याच भेटीत बाळाचं वजन करून झाल्यावर आईला एक प्रश्न विचारता येईल: ‘खोकताना, उचलताना लघवी गळते का गं?’ हो म्हणाली तर व्यायाम शिकवायचा, पुढच्या भेटीत विचारपूस करायची आणि गरज असेल तिला पुढे पाठवायचं. खरं तर गरोदरपणातच हा व्यायाम शिकवला तर पुढची गळती काही प्रमाणात टाळता येते. बचतगटाची बैठक, लसीकरणाचा दिवस, शाळेचा पालक मेळावा, कुठेही दहा मिनिटांत हे सांगता येतं.

घरच्यांनी काय करायचं? बाळंतिणीला पहिले काही आठवडे मोळी आणि गुंड उचलू देऊ नये. चुलीच्या धुराने येणारा जुना खोकला अंगावर काढू देऊ नये. बद्धकोष्ठतेवर उपाय करावा. उन्हाळ्यात तिने पाणी प्यायलं का, हे विचारावं. आणि तिने हा त्रास सांगितला, तर हसू नये.

हा लेख वाचणाऱ्या बाईला स्वतःला त्रास असेल, तर तिने आज रात्री झोपताना ८ आकुंचनांनी सुरुवात करावी आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवावी. त्रास नसेल, तर घरातल्या, शेजारच्या, कामावरच्या कुणाला तरी तो नक्की असेल. तिला हा लेख पाठवा. ती वाचू शकत नसेल, तर वाचून दाखवा.